परळचे डॉ. हाफकिन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी मला एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून देण्याची आज्ञा केली. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्याविषयी इतर भगिनी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु एका माणसाची हकीकत गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून बसली आहे, ती सांगावी असे वाटते. हा माणूस आपल्या देशाचा नव्हे, आपल्या धर्माचाही नव्हे. पण त्याचे मोठे काम आपल्या मुंबईत झाले, आणि त्याच्यावर मोठा अन्यायही मुंबईत असतानाच झाला. त्याचे नाव डॉ. वाल्देमार हाफकिन.

या नावाशी माझी ओळख झाली ती अशी. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते. कोठे ते लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. टाके काढल्यावर आठ दिवसांत जखम पिकली, ताप चढला, आणि अखेर परळच्या मोठ्या इस्पितळात नेऊन ती पुन्हा उघडावी लागली. जाऊबाई बऱ्या झाल्या, ही देवाची कृपा. पण जखम का पिकली? हत्यारे नीट उकळली नव्हती, की पट्टी बांधणाऱ्याने हात धुतले नव्हते, की आमच्याच हातून घरी काही कमी पडले? हे आम्हाला कोणी सांगितले नाही. विचारले तर असे होते कधी कधी, एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर माझ्या मनाला अजून लागून आहे.

त्या दिवसांत डबा घेऊन मी पनवेलहून परळला जात असे. तेथे आचार्य दोंदे मार्गावर झाडांच्या आड एक जुनी, भली थोरली इमारत आहे. तिच्या फाटकावर हाफकिन संस्था अशी पाटी. मला आपले वाटे, कोणी शेटजी असेल, देणगी दिली असेल म्हणून नाव दिले. माझा भाचा कॉलेजात शिकतो. त्याने मला खरे काय ते सांगितले, ग्रंथालयातून पुस्तके आणली, आणि इंग्रजीत होते ते बसून समजावून दिले. त्याच्या मदतीवाचून हा लेख झाला नसता.

हाफकिनसाहेबांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या बादशहाच्या राज्यात होते, आज ते युक्रेन देशात आहे. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. मेचनिकोव्ह नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ हे त्यांचे गुरू. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर दंगेखोर चालून जात, घरे लुटत. ओडेशात असे झाले तेव्हा आपल्या लोकांच्या बचावासाठी जे तरुण उभे राहिले त्यांत हाफकिन होते. त्यापायी त्यांना अटकही झाली. पुढे पदवी मिळाली, हुशारी होती, पण विद्यापीठात वरची जागा हवी असेल तर धर्म बदलला पाहिजे अशी अट पुढे आली. त्यांनी धर्म सोडला नाही, जागा सोडली. काही वर्षे तेथल्या संग्रहालयात काम करून ते देशाबाहेर पडले आणि १८८९ साली पॅरिसला गेले. तेथे लुई पाश्चर यांच्या नामांकित संस्थेत त्यांना जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. दिवसा पुस्तके लावायची आणि उरल्या वेळात प्रयोग करायचे. आपल्याकडे नोकरी सांभाळून रात्रशाळेत शिकणारी मुले असतात, त्यांचीच मला आठवण झाली.

त्या वेळी पटकीने जगभर हाहाकार उडवला होता. हाफकिनसाहेबांनी पटकीवर लस तयार केली. ती माणसाला सोसेल की नाही हे पाहण्यासाठी १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते कलकत्त्यास येऊन दाखल झाले. बंगालमध्ये आणि उत्तर हिंदुस्थानात गावोगाव फिरून दोन वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या एका वस्तीत लोक बिथरले, दगड भिरकावू लागले. तेव्हा साहेबांनी सर्वांसमोर अंगरखा वर करून आधी आपल्यालाच सुई टोचून घेतली, आणि मग लोक पुढे आले. या माणसाची रीतच ती होती. जे दुसऱ्याला द्यायचे ते आधी आपण घ्यायचे. आपण बायका तरी काय करतो? लहान मुलाच्या तोंडाशी घास न्यायच्या आधी तो आपल्या जिभेला लावून पाहतोच की!

आता मुंबईचा प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात पहिले रोगी दिसले. हा प्लेगच आहे असे ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. पाहता पाहता मुंबई रिकामी होऊ लागली. लोक रेल्वेने पळाले, गलबतांनी पळाले, आणि त्यांच्याबरोबर रोगही पळाला. आपला हा भाग तेव्हा कुलाबा जिल्हा होता. मुंबईच्या खाडीपलीकडचा, पुण्याच्या वाटेवरचा. येथेही प्लेग आलाच. माझ्या आजेसासूबाई त्यांच्या आईकडून ऐकलेले सांगत, घरात उंदीर पडला की चूल विझवायची, पोरे उचलायची आणि गावाबाहेर झोपडी घालून राहायचे. किती दिवस, ते कोणालाच ठाऊक नसे. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या, हे तर आपण जाणतोच.

सरकारने हाफकिनसाहेबांना ऑक्टोबरात मुंबईस बोलावून घेतले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, बाहेरचा व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले, एवढ्यावर काम सुरू झाले. लस कशी करत ते वाचून मला मोठी गंमत वाटली. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागे. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून साहेबांनी बोकडाच्या मांसाचा रस्सा वापरला. त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडत. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. पुरेसे वाढले की ते सगळे तापवून मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. मेलेल्या जंतूंची ती लस. कार्बोलिकला आपल्या फिनेलसारखा उग्र वास असतो. इंग्लंडचे सर्जन लिस्टर यांनी १८६७ च्या सुमारास त्याने जखमा आणि हत्यारे धुण्याची पद्धत घातली आणि ऑपरेशननंतर जखम सडून मरणारे असंख्य रोगी वाचले. या कार्बोलिकची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. मात्राही पुढे इतरांना देत त्यापेक्षा कितीतरी मोठी. खूप ताप आला, अंग दुखले, तरी काम चालूच. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपखुषीने पुढे आले त्यांना टोचले. ज्यांनी टोचून घेतले नाही त्यांच्यापैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले. पुढे लोणावळ्यास, दमणला आणि आपल्या उरणजवळच्या मोरा बंदरात लस टोचली गेली. तरुण आगाखानांनी स्वतः टोचून घेतली, आपल्या खोजा जमातीच्या हजारो लोकांना टोचवली, आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वेळी सरकारची रीत जबरदस्तीची होती. सोजीर घरात शिरत, सामान रस्त्यावर टाकत, बायकांना स्टेशनात उतरवून चारचौघांत तपासत. पुण्यात रँडसाहेबाच्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री काय झाला ते शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. हाफकिनसाहेबांचे मत याच्या अगदी उलट होते. लस सक्तीने टोचू नये, लोकांना समजावून द्यावे आणि ज्याला पटेल त्याने घ्यावी, असे ते मानत. बाईमाणसाच्या अंगाला हात लावायचा तर आधी विचारावे, ही साधी गोष्ट एवढ्या मोठ्या सरकारला कळली नाही, ती या परक्या माणसाला कळली.

लसीची मागणी वाढत गेली. जागा पुरेना, दोन-तीनदा बिऱ्हाड हलवावे लागले. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी परळचे जुने गव्हर्नराचे निवासस्थान सरकारने या कामाला दिले. याच वाड्यात १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने वारली होती, आणि पुढे गव्हर्नर मलबार हिलवर राहू लागले. ज्या घराला रोगाने ओसाड पाडले तेथेच रोगावर लस होऊ लागली. हाफकिनसाहेब मुख्य संचालक झाले. तेव्हा ते चाळिशीच्या आत होते. त्यांचे लग्न झाले नव्हते, पुढेही झाले नाही.

पण त्यांचे वैरीही कमी नव्हते. वैद्यकीय खाते म्हणजे लष्करी गोऱ्या डॉक्टरांचे राज्य. हा माणूस रशियाचा, ज्यू, आणि मुळात डॉक्टरही नव्हे, प्राणिशास्त्राचा पंडित. तो या सर्वांच्या डोक्यावर कसा बसला हे अनेकांना खुपत असे.

१९०२ साली पंजाबात प्लेगने कहर केला. तेथील सरकारने लाखो लोकांना लस टोचायचे ठरवले. परळच्या वाड्यात रात्रंदिवस काम सुरू झाले. एवढी लस लवकर व्हावी म्हणून साहेबांनी करण्याची पद्धत बदलली. रश्श्याऐवजी दुसऱ्या पदार्थावर जंतू वाढवू लागले, आणि लसीत कार्बोलिक घालणे बंद केले. जंतू उष्णतेने मरतातच, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही असेच करतात, मग कार्बोलिक कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मलकवाल नावाचे खेडे. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तेथे १०७ जणांना लस टोचली. लस पाच बाटल्यांतली होती. आठवडाभर सर्व ठीक होते. मग एकेकाचा जबडा बसू लागला, पाठ कमानीसारखी वाकू लागली. तो धनुर्वात होता. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण, सगळेच्या सगळे मरण पावले. बाकीच्या चार बाटल्यांतून ज्यांना टोचले त्यांना काही झाले नाही. त्या बाटलीचा नंबर ५३ एन. ती ४१ दिवस आधी परळला भरलेली होती.

धनुर्वात म्हणजे काय ते आपल्या आज्यांना पुरते ठाऊक होते. बाळंतिणीच्या खोलीत बाळ चांगले रडत दूध प्यायचे आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तोंड मिटायचे, अंग ताठ व्हायचे. लोक म्हणत बाहेरची बाधा, सटवीचा फेरा. फेरा कसला, नाळ कापायला घेतलेला विळा, नाहीतर नाळेवर लावलेली राख आणि शेण! धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. त्यांची बीजे इतकी चिवट की कार्बोलिकच्या पाण्यात नुसते बुचकळून ती मरत नाहीत. लोखंड चांगले तापवायला लागते. हे सर्व लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, आणि बरोबर दोन वैद्यकीय अधिकारी. समितीने निकाल दिला की बाटली मलकवालला उघडण्याच्या आधीच विटाळलेली होती, म्हणजे दोष परळचा. पद्धत बदलली, कार्बोलिक घातले नाही, तेव्हा आणखी काय पाहायचे? हाफकिनसाहेबांचे संचालकपद गेले. ज्या वाड्यात त्यांनी जीव ओतला होता तो सोडून ते लंडनला निघून गेले. जो माणूस प्रत्येक लस आधी आपल्या अंगात टोचून घेई, त्याच्यावर एकोणीस जिवांच्या मृत्यूचा ठपका आला. आणि समितीचा अहवाल लोकांपुढे केव्हा आला? १९०६ च्या अखेरीस, म्हणजे चार वर्षांनी. तोवर साहेबांना उघडपणे आपली बाजू मांडायला काही साधनच नव्हते.

अहवाल छापून आला तेव्हा इंग्लंडातील जाणत्या शास्त्रज्ञांनी तो बारकाईने वाचला. त्यांच्यात पुढाकार होता तो मलेरिया डासांपासून होतो हे शोधून नोबेल पारितोषिक मिळवलेल्या सर रोनाल्ड रॉस यांचा. समितीला जे दिसले नव्हते ते चौकशीच्या कागदांतच पडलेले होते. मलकवालला ती बाटली उघडताना कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात जरासा हलवला, आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच ओढून काढले.

ही ओळ भाच्याने मला वाचून दाखवली तेव्हा मी निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली. परळचा वाडा, हायकोर्टाचे न्यायाधीश, चार वर्षे, आणि सगळ्याच्या मुळाशी काय, तर खाली पडलेला चिमटा! खेड्यातली जमीन. तीवर गुरे बसणारच, शेण पडणारच.

शास्त्रज्ञांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. धनुर्वाताचे जंतू बाटलीत ४१ दिवस वाढत असते तर लसीला घाण वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय एवढे दिवस साठलेले विष अंगात गेले असते तर माणसे आठवडाभर धडधाकट राहिली नसती, आधीच आजारी पडली असती. म्हणजे घाण आत गेली ती त्याच दिवशी आणि थोडीशी. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नऊ नामवंत मंडळींनी मिळून लंडनच्या टाइम्स वर्तमानपत्रात सह्यांचे पत्र छापले. फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू कप्तानाला खोट्या आरोपाखाली शिक्षा होऊन १९०६ साली तो निर्दोष ठरला होता. हाफकिनसाहेबांच्या प्रकरणाची तुलना लोक त्या प्रकरणाशी करू लागले. पार्लमेंटातही विषय निघाला. अखेर वर्षाच्या शेवटास सरकारने त्यांना दोषमुक्त केले आणि परत हिंदुस्थानात कामावर बोलावले.

मला मात्र येथे थोडे वेगळे वाटते, ते लिहिते. पद्धत बदलली म्हणून दोष साहेबांचा, हे समितीचे म्हणणे खोटे ठरले हे खरे. पण कार्बोलिक काढून टाकले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपण कैरीचे लोणचे घालतो. मीठ कमी घातले तरी बरणी बंद आहे तोवर लोणचे टिकते. पण कोणी ओला चमचा घातला की संपले. मीठ भरपूर असते तर तो एक चमचा लोणच्याने कदाचित पचवला असता. मीठ कमी घालणारीने लोणचे नासवले असे म्हणणे अन्याय. परंतु घर माणसांनी भरलेले आहे, दहा हात बरणीत जाणार आहेत, कोणी ना कोणी ओला चमचा घालणारच, हे जाणून सुगरण मीठ थोडे चढेच घालते. मलकवालनंतर जुनी कार्बोलिकची पद्धत पुन्हा सुरू झाली, ती मला योग्य वाटते. साहेब थोर होते म्हणून त्यांचे सर्वच बरोबर होते असे मानले पाहिजे असे नाही.

आणि तो कंपाउंडर? त्याने काही मुद्दाम केले नाही. १०७ माणसे रांगेत उभी, पुढे आणखी गावे, चिमटा एकच. पडलेली वस्तू बाजूला ठेवून दुसरी घ्यायची तर दुसरी हाताशी हवी ना! ती देणे वरच्यांचे काम होते. समितीने परळची बाटली पाहिली, पण मलकवालच्या टेबलावर किती चिमटे होते, पाणी उकळायला शेगडी होती की नाही, हे तेवढ्याच कसोशीने पाहिले असते तर एका माणसाची पाच वर्षे फुकट गेली नसती. शिवाय ज्या खऱ्या कारणाने माणसे मेली ते देशातल्या सगळ्या कंपाउंडरांना तेव्हाच कळले असते. तेथे नाही तर आणखी कोठे खाली पडलेला चिमटा कोणी उचलतच असणार.

सरकारने इस्पितळांवर आणि शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवावी असे आपण म्हणतो, तेव्हा मला हेच आठवते. आपल्या राज्यात १९४९ सालापासून कायदा आहे. खाजगी शुश्रूषागृहे आणि प्रसूतिगृहे नोंदवल्यावाचून चालवता येत नाहीत, आणि ती तपासण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेला आहे. महानगरपालिका असेल तेथे ही नोंदणी महापालिकेकडे असते. २०२१ साली त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावणे आवश्यक झाले. पुढल्या वेळी कोणाला भेटायला गेलात तर ती सनद कोठे लावली आहे ते जरूर पाहा, आणि थांबून वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एक यादी करून दिली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रोगी टेबलावरून हलवण्याआधी तीन वेळा थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे. रोगी तोच आहे ना, हत्यारे निर्जंतुक केल्याची खूण पाहिली ना, सुया आणि कापसाच्या घड्या मोजून जुळल्या ना. आपल्याकडे वाणसामान घरी आल्यावर यादी घेऊन पुडे मोजतात त्यातलाच प्रकार. यात शरम कसली?

बाळांच्या धनुर्वाताचे म्हणाल तर गरोदर बाईला दिलेली सुई, दवाखान्यात बाळंतपण, नवे पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ हात, एवढ्या साध्या गोष्टींनी तो हटला. २०१५ साली आपला देश माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. शंभर वर्षांपूर्वीच्या आयांना हे सांगितले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता.

हाफकिनसाहेबांची पुढची हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती आनंदाची नाही. ते हिंदुस्थानात परतले, पण परळला नाही. त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले, आणि तेथेही लोकांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मुभा दिली नाही. निर्दोष ठरवले, मान दिला, पण काम हातात दिले नाही. घरातल्या सुनेवरचा आळ खोटा ठरतो आणि तरी तिजोरीच्या किल्ल्या तिच्याकडे परत येत नाहीत, तसे झाले. १९१४ साली नोकरीतून निवृत्त होऊन ते युरोपला परतले. उरलेले आयुष्य पॅरिसमध्ये, आणि शेवटी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात काढले. उतारवयात मन धर्माकडे अधिक वळले होते. आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानमध्ये त्यांचे निधन झाले.

त्याआधी १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोवर मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. नाव दिल्याचे कळले तेव्हा साहेब पासष्ट वर्षांचे होते. मुंबईचे ते दिवस आपल्या आयुष्यातले उत्तम दिवस होते अशा अर्थाचे त्यांनी कळवले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही काढले.

जाऊबाईंना वर्षातून एकदा तपासणीसाठी परळला न्यावे लागते. आता ऑपरेशनची कोणतीही गोष्ट निघाली की आम्ही दोघी हत्यारे कशी उकळतात ते विचारतो. नर्सबाई पहिल्यांदा हसल्या, पण त्यांनी आत नेऊन वाफेचे यंत्र दाखवले. के. ई. एम. कडून टाटाकडे चालत जाताना ते फाटक लागते. ज्या भगिनींना परळला जाण्याचा प्रसंग येईल त्यांनी पाटी पाहावी.